शकुवन्संचं पारणं

आमच्या देवासच्या घरी अजूनही अधूनमधून फोन येतो. कुणाची तरी भाची, कुणाचे तरी व्याही मांडू बघायला निघालेले असतात आणि विचारतात, "काकू, तिकडे जेवायला चांगलं कुठं मिळेल?" मी सांगते, "बाळा, तुझ्या त्या फोनलाच विचार, तो चांदण्या मोजून सांगतो." पूर्वी अशी सोय नव्हती. पूर्वी हा प्रश्न माझ्या नणंदेकडे, शकुवन्संकडे जायचा, आणि एकदा तो त्यांच्या कानावर पडला की विचारणाऱ्याच्या हातात काही उरत नसे.

वन्सं आधी उलट विचारायच्या, "परत जायची घाई आहे का?" घाई आहे म्हटलं की विषय संपला. "मग इंदोरला उतरा, उभ्यानं पोहे-जिलेबी खा. चांगले असतात." घाई नाही म्हटलं की मात्र त्या उठून चपला घालायच्या. पत्ता त्यांनी जन्मात कुणाला दिला नाही. पाहुण्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर स्वतःच जाऊन बसायच्या आणि ड्रायव्हरला म्हणायच्या, "चलो भिया, मी सांगते तसं." मागे कोंबलेल्या पाहुण्यांना पुढचे चार तास आपण कुठं चाललोय याचा पत्ता नसे. कुणी भीत भीत विचारलंच, की आधी महाल बघायचा का, तर उत्तर ठरलेलं. "गाव पोटानं बघावं. डोळ्यांचं काय, महाल कॅलेंडरवरही दिसतो."

आणि ही बाई दिसायला कशी, तर वाळलेल्या गवारीच्या शेंगेसारखी. उंच, सुकी, किंचित वाकलेली. ते सगळं खाल्लेलं कुठं जायचं हा आमच्या घराण्यातला न सुटलेला प्रश्न होता. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं की म्हणायच्या, "बघायला आले ते सगळे चिवडा खाऊन गेले. मुलगी जेवली का, हे एकानंही विचारलं नाही. अशा घरी कशाला जायचं?"

नोकरी शिक्षण खात्यात. आधी शिक्षिका, मग बढती होऊन धार जिल्ह्यात शाळा तपासायच्या. हेडमास्तर त्यांना टरकून असत, ते रजिस्टरांमुळे नव्हे. दुपारी मुलांची पंगत बसली की या बाई मुलांच्या ओळीत मांडी घालून बसत आणि डाळ वाढून घेत. राजगढकडच्या एका शाळेत त्यांनी पहिली वाटी संपवून शांतपणे दुसरी मागितली. स्वयंपाकवाल्या बाईला आनंद झाला. दुसरी वाटी संपल्यावर वन्सं हेडमास्तरांना म्हणाल्या, "पहिल्या वाटीत पाणी कुणीही माफ करतं. दुसऱ्या वाटीतही पाणीच असलं, तर मग मी लिहिते." रिकाम्या पोटी फक्त डाळ पिऊन, त्याच दुपारी त्याच गावात कुणाच्या तरी ओसरीवर त्या मक्याचे पानिये खाऊन आल्या. पानिये म्हणजे मक्याचं पीठ पळसाच्या पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजायचं. वर तूप. ही माहिती मी आज ऐटीत देतेय, पण पहिल्यांदा ऐकली तेव्हा "पान खायचं की पीठ?" असं विचारणारी मीच.

त्या काळातल्या मला तुम्ही बघायला हवं होतं. रत्नागिरीची मुलगी, वय एकवीस, अक्कल त्याहून कमी, आणि पक्की समजूत की जगात जेवण म्हणजे भात, बाकी सगळं तोंडी लावणं. माळव्यात गहू पिकतो हे भूगोलात शिकले होते. पण तो दोन्ही वेळा मलाच खावा लागेल, हे भूगोलात लिहिलेलं नव्हतं.

लग्नाच्या पंधरवड्यात वन्सं "भावजय दाखवून आणते" म्हणून मला आणि यांना पीपलरावां नावाच्या गावी घेऊन गेल्या. त्यांची पहिली नोकरी त्या गावातली, आणि तेव्हा त्या राहिल्या होत्या रामकुंवरबाईंच्या घरात. रामकुंवरबाई तेव्हा त्या शेतकरी घरातली नवी सून, वयानं वन्संएवढीच. दोघींनी एका चुलीवर हात भाजून घेतले होते. एकीची मराठी, दुसरीची माळवी, आणि भांडताना दोघींची हिंदी.

तिथं दाल-बाफले होते. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडायचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. त्यावर डाळ. रत्नागिरीच्या विदुषीनं ताटातलं ते तूप बोटानं कडेला सारलं. दीड बाफला कसाबसा खाल्ला आणि मग, मला अजून ते आठवून हसू येतं, तिनं अगदी गोड आवाजात विचारलं, "भात कधी वाढणार?"

रामकुंवरबाईंना मराठी कळत नव्हती. त्या वन्संना म्हणाल्या, "कईं के री हे या?"

वन्सं गंभीरपणे म्हणाल्या, "कहती है, पेट में अभी जगह है."

पुढचा अर्धा तास माझ्या ताटात काय काय पडलं ते मी मोजलं नाही. आणि सगळ्यात शेवटी रामकुंवरबाई स्वतः समोर येऊन उकिडव्या बसल्या, हातात चुरम्याचा मोठा घास. याला मनवार म्हणतात. घरातली कर्ती बाई पाहुण्याच्या तोंडात स्वतःच्या हातानं घास घालते. मी मानेनं नको नको म्हणत होते. वन्सं कानाशी वाकून म्हणाल्या, "सुधे, तू हा घास घेतला नाहीस तर आत बसलेल्या सगळ्या बायका आज उपाशी राहतील. पाहुणा हातचं नाही म्हणाला तर या घरात चूल विझवतात. तुमच्या कोकणात चालत असेल असं पाप."

मी तोंड उघडलं. मग बाजेवर पडले ती दिवस कलेपर्यंत. घोरत होते असं आमचे हे सांगतात. पन्नास वर्षं सांगतायत.

तेव्हापासून दर चैत्रात, नवा गहू घरात आला की पीपलरावांहून निरोप यायचा. त्या गव्हाचे पहिले बाफले व्हायचे आणि पहिला घास रामकुंवरबाईंच्या हातचा, वन्संच्या तोंडात. असं का, ते कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या वर्षी सहज झालं, दुसऱ्या वर्षी पुन्हा झालं, आणि मग ती त्या घरची रीतच होऊन गेली. तो घास होईपर्यंत त्या गव्हाचं बाकीचं दळण थांबायचं. धारहून वन्सं रजा काढून जायच्या. एकदा ताप अंगात असताना गेल्या. यांनी अडवलं तर म्हणाल्या, "वसंता, माझ्यासाठी त्यांचं जातं थांबलंय. मी काय थर्मामीटर बघत बसू?"

त्यांच्या ओळखीची घरं सगळीकडे होती. नेमावरला नर्मदेच्या काठी एक नावाडी, तो परिक्रमावासीयांना खिचडी घालायचा. वन्सं त्याच्या पंगतीला बसायच्या आणि आमच्या पुण्याच्या न्यायाधीश मामेसासऱ्यांनाही त्यांनी तिथं बसवलं होतं. मामेसासऱ्यांची जेवायची वेळ साडेबाराची, घड्याळ लावून. खिचडी उतरली तीन वाजता. तोवर ते नदीकडे पाठ करून, हातरुमाल डोक्यावर टाकून बसले होते, फाशी सुनावलेल्या माणसासारखे. पहिल्या घासानंतर त्यांनी रुमाल काढला. दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर म्हणाले, "शकुंतला, हे तू मला माझ्या नोकरीत असताना का नाही दाखवलंस?" वन्सं म्हणाल्या, "तुम्हाला घाई होती."

निवृत्तीनंतर त्या आमच्याकडे देवासला आल्या, भावाजवळ. त्यांच्यानं चूल सुटेना आणि माझ्यानं ती देववेना, अशी बरीच वर्षं आम्ही सुखानं भांडलो.

मग तो हिवाळा आला. आधी त्या पोळी डाळीत भिजवून खाऊ लागल्या. मला वाटलं दात. मग नुसती डाळ. मग एकदा घोटभर पाणी प्यायल्या आणि ते तसंच परत आलं. इंदोरच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं आणि यांना बाहेर बोलावलं. अन्ननलिका जवळजवळ बंद झाली होती, आणि वय असं की कापाकापीत अर्थ नव्हता. त्यांनी पोटाला भोक पाडून नळी बसवली. आता जे जाईल ते पातळ, गाळलेलं, त्या नळीतून. तोंडावाटे काही नाही. डॉक्टर सज्जन होते, तीनदा बजावलं. घास गेला तर तो खाली उतरणार नाही, श्वासात जाईल.

आमच्या घरात या गोष्टीला कसं तोंड द्यायचं ते कुणालाच कळेना. खरं सांगते, आम्हा लोकांना एकमेकांना "कशी आहेस" असं विचारताच येत नाही. आम्ही विचारतो, "काय खाल्लंस?" मुलगा रागावून गेला तर त्याच्या आवडीची भाजी करतो, मुलगी रडत आली तर शिरा करतो. बोलायचे सगळे शब्द स्वयंपाकघरातच ठेवलेले, आणि ते दारच एकदम बंद झालं. लेक भोपाळहून आली, आत्याच्या पायाशी बसली आणि सवयीनं म्हणाली, "आत्या, जेवलीस?" मग ओठ चावत उठून गेली.

मी फोडणी टाकताना दार लावून घेऊ लागले. दोन दिवसांनी वन्सं काठी टेकत आल्या आणि दार उघडून तिथंच स्टुलावर बसल्या. आवाज पार घोगरा झाला होता. म्हणाल्या, "वास तरी घेऊ दे की गं." मी पदरात नाक खुपसून मोहरी तडतडू दिली. थोड्या वेळानं पाठीमागून, "जळतेय ती." इतकं बरं वाटलं मला ते ऐकून.

पाहुण्यांचे फोन यायचेच. "आत्याबाईंना विचारा ना, मांडूहून येताना कुठं जेवू?" मी फोन त्यांच्याकडे नेला की त्या हातानं नको म्हणायच्या. पहिल्यांदाच त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. एकदा मी रेटलं तेव्हा म्हणाल्या, "आता मला कुणाचं दार उरलं नाही, सुधे. जेवायला न येणाऱ्या माणसानं कुणाकडे कशाला जायचं?"

आणि तशात आमच्या यांनी घोळ घातला. फाल्गुनात रामकुंवरबाईंच्या मुलाचा, गोवर्धनचा फोन आला. गहू कापणीला आलाय, बेनजी कधी येणार. वन्संना अख्ख्या गावात बेनजीच म्हणत. यांना त्या दुखण्याचं नाव फोनवर घेववेना. आमच्या घरात तसलं नाव फोनवर कुणीच घेत नाही. समोर बसूनही अर्धंच घेतात. काहीतरी बोलायचं म्हणून हे म्हणाले, "अक्कानं व्रत धरलंय भिया. अन्न सोडलंय सध्या." आणि फोन ठेवून, मोठं काम निभावल्यासारखे चष्मा पुसत बसले.

आता माळव्यातल्या घराला असलं सांगून ठेवल्यावर ते घर स्वस्थ बसेल का? चैत्र उजाडला तसा गोवर्धनचा पुन्हा फोन. वन्सं शेजारीच होत्या आणि आवाज मोठा केलेला होता. "काकासाब, बेनजी का पारणा हमारे यहाँ होगा. माँ ने बोल दिया है. नया गेहूँ कोठी में धरा है, पिसवाया नी अभी तक. पहला कौर बेनजी लेगी, उसके बाद घर में पिसेगा."

हे म्हणाले, "अरे पण तोवर तुम्ही खाताय काय?"

"बाजार का आटा ला रहे हैं. आप चिंता मत करो."

फोन बंद झाला. यांचा चेहरा पांढरा. वन्संचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या, आवाज न करता. मग म्हणाल्या, "वसंता, गहूवाल्याच्या घरी तू बाजारचं पीठ खायला घातलंस."

"अक्का, मी आत्ता फोन करून खरं सांगतो."

"फोनवर नको. ज्या घरात खाल्लं त्या घरात जाऊन सांगेन."

"आणि त्यांनी घास पुढे केला तर?"

वन्सं पदराची किनार बोटाला गुंडाळत राहिल्या.

आम्ही गेलो. गाडीत मनात माझे सगळे देव आळवून झाले आणि मग यांना शिव्या घालायला घेतल्या, त्याही मनातच. आतून कुठंतरी वाटत होतं, वन्संच ऐनवेळी काहीतरी करतील, आयुष्यभर त्यांनीच केलं. आणि दुसरं एक वाटत होतं. ही बाई त्या घरची रीत मोडायची नाही. ही तो घास घेईल.

अंगणात मांडव घातला होता. भावकीतली चाळीसएक माणसं, पळसाच्या पत्रावळी मांडलेल्या, निखाऱ्यातून बाफले काढणं चालू. रामकुंवरबाई पार वाकल्या होत्या, नाकाशी येईलसा पदर. त्यांनी वन्संचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "कित्ती सूख गई बेनजी. ऐसो कईं व्रत?" वन्सं खरं सांगायला गेल्या असतील नसतील, पण तेवढ्यात सुनांनी गराडा घातला, पाय धुतले, पाटावर बसवलं, समोर पान मांडलं. सगळी पंगत हात मांडीवर ठेवून थांबलेली. पारणं झाल्याशिवाय कोण जेवणार?

रामकुंवरबाई समोर येऊन बसल्या. डाव्या हातानं उजवं मनगट धरलेलं. घासातून तूप ओघळत होतं. "लो बेनजी."

आमचे हे स्वतःच्या पत्रावळीकडे बघत होते. मी अर्धी उठले होते आणि तशीच राहिले. ओरडावं तर भर पंगतीत, न ओरडावं तर डोळ्यांदेखत. वन्संनी रामकुंवरबाईंचं मनगट धरलं आणि तो घास स्वतःकडे ओढला. तोंडाशी नेला. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा घास त्यांच्या नाकाशी होता. त्या वास घेत होत्या, डोळे मिटून, सावकाश. मग त्यांनी तो हात तसाच वळवला आणि घास रामकुंवरबाईंच्याच तोंडात घातला.

मनवारीत असा उलटा घास देतात, पण स्वतः घेतल्यावर. रामकुंवरबाईंना काही उमजेना. तोंडात घास आणि डोळे वन्संवर. वन्संनी त्यांचा मोकळा हात घेऊन पदराखाली आपल्या पोटावर ठेवला, त्या नळीवर. बराच वेळ ठेवला. "यहाँ से खाती हूँ अब," त्या म्हणाल्या. "मुँह बंद हो गया, रामकुंवर. व्रत नी है. अब तू चाब. मेरा तू ही चाब."

रामकुंवरबाईंनी हात काढला नाही. त्या चावू लागल्या. गालावरून पाणी वाहत होतं आणि जबडा चालू होता. निखाऱ्यावर तूप चरचरत होतं. घास गिळून झाल्यावर वन्संनी विचारलं, "कैसा है इस साल का?"

"मीठो हे," रामकुंवरबाई म्हणाल्या. आणि जरा थांबून, "नमक कम पड्यो."

पंगत जेवायला लागली. वन्सं पाटावरून उठल्या आणि सुनेच्या हातातली तुपाची वाढणी मागू लागल्या. सून दचकली. "नी बेनजी, मेमान थोडी परोसे."

"जीमे वो मेमान," वन्सं म्हणाल्या, म्हणजे जेवेल तो पाहुणा. "मैं तो जीमती नी."

सुनेनं सासूकडे बघितलं. रामकुंवरबाईंनी मान हलवली.

वन्सं त्या वर्षीचा पाऊस लागायच्या आत गेल्या. ते दिवस मी सांगणार नाही. कुणाच्याही घरी ते तसेच असतात. मला त्या दिसतात त्या रामकुंवरबाईंच्या अंगणात, ओळीनं वाढत जाणाऱ्या. गावची माणसं जेवून उठली, मग गडी बसले, त्यांनाही त्यांनीच वाढलं. मी बसा म्हटलं तर ऐकलं नाही. सगळ्यांत शेवटी घरच्या बायका बसल्या, तेव्हा त्या रामकुंवरबाईंच्या समोर उकिडव्या बसल्या. रामकुंवरबाई घास घ्यायच्या, चावायच्या, आणि त्यांनी गिळला की वन्संचाही गळा हलायचा. मी खांबाशी उभी राहून बघत होते. काही करण्यासारखं नव्हतं.

रामकुंवरबाईंनी पत्रावळीवर आडवा हात धरला. "बस बेनजी. अब नी जावे."

वन्संनी तो हात बाजूला केला. "म्हारी सौगन," त्यांनी शपथ घातली, आणि आणखी एक बाफला फोडून त्यांच्या पानात वाढला.